वायरच्या दुसऱ्या टोकाचा भोपळा

भाईंदर पश्चिमेला आमच्या सोसायटीत दरवर्षी दिवाळी पहाट होते. कार्यक्रम घरगुतीच. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान उरकून लोक तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सतरंज्यांवर येऊन बसतात, सोसायटीतले हौशी गायक भावगीते आणि अभंग म्हणतात, आणि नऊच्या सुमारास चहा-चकलीवर कार्यक्रम संपतो. पेटी-तबल्याच्या जोडीला तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदाच गिटार आली. ती माझ्या मुलीची. पोकळ लाकडी पेटीची, जिला अकूस्टिक गिटार म्हणतात ती.

मी तीस वर्षे रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि टीव्ही दुरुस्त केले. स्टेशनच्या पश्चिमेला माझे छोटे दुकान होते. त्यामुळे आवाजाची व्यवस्था अर्थातच माझ्याकडे. शेजारच्या विंगमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा एक कॉलेजकुमार राहतो. त्याचा ॲम्प्लिफायर मी मागून आणला. त्यावर ‘गिटार ॲम्प्लिफायर’ असे स्वच्छ लिहिले होते. मुलीच्या गिटारीत पिकअप होता, वायर दोन्हीकडे बसत होती. आणखी काय पाहायचे?

पहिल्या गाण्यात गिटार पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखी ऐकू आली. मी आवाज वाढवला. दुसऱ्या गाण्यात मुलीने सहाही तारा एकदम छेडल्या आणि कुठूनतरी एक खोल हुंकार सुरू झाला. तो थांबेना, वाढतच गेला. गाणाऱ्या काकू मध्येच थांबल्या. मागून कोणीतरी म्हणाले, ‘‘अहो, बंद करा ते!’’ मी दोन-तीन बटणे फिरवली आणि शेवटी वायरच उपटली. मुलीने गिटार खोळीत घातली आणि आईशेजारी जाऊन बसली.

रात्री तिने विचारले, ‘‘बाबा, माझा हात जड पडतो का?’’

मी म्हणालो, ‘‘होतं गं असं. सवय झाली की जमेल.’’

म्हणजे दोष तिचाच, असे मी नकळत कबूल करून टाकले. त्यानंतर आठ महिने तिने घराबाहेर गिटार काढली नाही. दोष तिच्या हाताचा नव्हता, माझ्या निवडीचा होता, हे मला पुढच्या पावसाळ्यात कळले. कसे कळले आणि काय कळले, ते या लेखात मांडतो.

तार एकटी काय करते?

सुरुवात मिरजेपासून करायला हवी. तिथल्या सतारमेकर गल्लीत मी पूर्वी एकदा गेलो होतो. दुकानांत वाळलेले मोठाले भोपळे टांगलेले होते. ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून येतात. एक कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर हलक्या हाताने कानस फिरवत होता, तार छेडून ऐकत होता आणि पुन्हा कानस फिरवत होता. जवारी काढण्याचे काम चालले होते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मला तो कानशीचा आवाजच आठवला.

तार एकटी फारशी ऐकू येत नाही. ती इतकी बारीक असते की हवा तिच्या दोन्ही अंगांनी निसटून जाते. तारेचे कंपन घोडीतून तबलीत आणि भोपळ्यात उतरते. ते मोठे पृष्ठभाग थरथरले की पुरेशी हवा हलते आणि मग आपल्याला स्वर ऐकू येतो. भोपळा आवाज वाढवतो, आणि वाढवताना त्याला स्वतःचा रंगही देतो. दोन तंबोऱ्यांना सारख्याच तारा लावल्या तरी ते सारखे बोलत नाहीत, याचे बरेचसे श्रेय लाकूड, भोपळा आणि जवारी यांना आहे.

अकूस्टिक गिटारीत हेच घडते. भोपळ्याच्या जागी पोकळ पेटी, तबलीच्या जागी स्प्रूससारख्या लाकडाची पातळ फळी. वाद्य तिथेच पूर्ण होते.

इलेक्ट्रिक गिटार मात्र बहुधा भरीव लाकडाची असते. वायर न जोडता ती छेडून पाहा. शेजारी बसलेल्यालाही धड ऐकू येत नाही. तिच्या अंगाला भोपळा नसतोच. तो वायरच्या दुसऱ्या टोकाला, ॲम्प्लिफायर आणि स्पीकरच्या रूपाने ठेवलेला असतो. इलेक्ट्रिक गिटारचा ॲम्प्लिफायर हा वाद्याचाच अर्धा भाग आहे. अकूस्टिक गिटारचा ॲम्प्लिफायर हा पूर्ण झालेल्या वाद्याचा निरोप्या आहे; त्याने निरोप जसाच्या तसा पोहोचवायचा, पदरचे काही घालायचे नाही. पुढचे सगळे तांत्रिक फरक यातूनच निघतात. मी एका भोपळ्याला दुसरा भोपळा जोडला होता.

बिघाडातून आलेला आवाज

वायरच्या टोकाला भोपळा ठेवण्याची गरज का पडली? १९३०च्या आसपास अमेरिकेत नाचगाण्याचे वाद्यवृंद मोठे होत गेले आणि पितळी वाद्यांच्या गजरात गिटार बुडू लागली. बाजारात टिकलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार १९३२ साली रिकनबॅकर यांच्या कंपनीने आणली. ती हवाईयन पद्धतीची होती, मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी दांडी फिरवत वाजवायची. आकारामुळे तिला ‘फ्राइंग पॅन’ हे नाव पडले. हवाईयन गिटार आपल्याकडे नवी नाही. व्हॅन शिप्ले यांनी तिच्यावर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या पुष्कळांच्या घरी होत्या, आणि १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीला ब्रिजभूषण काब्रा यांनी वाजवली ती गिटारही याच घराण्यातली.

या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटतो तो लिओ फेंडर, कारण तो माझा धंदेबंधू. १९३८ साली त्याने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. रेडिओतल्या व्हॉल्व्हचीच मंडले वापरून त्याने गिटारचे ॲम्प्लिफायर बनवले, आणि त्याची धडपड होती ती आवाज स्वच्छ ठेवण्याची. पण वादक बटण शेवटापर्यंत फिरवत. व्हॉल्व्हची ताकद संपली की लहरीचा उंच माथा कापला जाई आणि आवाज खरखरीत होई.

माझ्या दुकानात असा आवाज आला असता तर मी त्याला बिघाड म्हटले असते. फेंडरनेही तेच म्हटले असते. वादकांना मात्र तो आवडला. १९५८च्या ‘रंबल’ या धूनसाठी लिंक रे याने ॲम्प्लिफायरच्या स्पीकरला भोके पाडली. १९६४ साली ‘किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने स्पीकरच्या कागदी कोनावर ब्लेड चालवले. इकडे मी गिऱ्हाइकांचे फाटलेले कोन पातळ कागद आणि डिंक लावून जन्मभर सांधत आलो! लंडनमध्ये ढोल-ताशे विकणारे दुकानदार जिम मार्शल यांनी फेंडरच्या ‘बासमन’ या ॲम्प्लिफायरवरून १९६२च्या सुमारास आपला पहिला नमुना बेतला. त्या वाटेने पुढचे रॉक संगीत आले. बिघाड हाच वाद्याचा आवाज ठरला.

माथा कापला की नेमके काय होते? ११० कंपनांचा षड्ज धरा. लहरीचा माथा सपाट झाला की त्यात २२०, ३३०, ४४० अशा पटीतल्या कंपनांची भर पडते. म्हणजे स्वयंभू स्वर वाढतात आणि स्वर दाट, लांबणारा होतो. जवारीचे कामही याच जातीचे आहे. घोडीच्या किंचित उतरत्या पाठीला तार निसटती टेकत राहते आणि वरचे स्वर उजळतात.

पण इथे एक मोठा फरक आहे. जवारी प्रत्येक तारेवर वेगळी काम करते. ॲम्प्लिफायरमध्ये सगळ्या तारा एकाच वाटेने जातात, आणि माथा कापला गेला की त्या एकमेकींत मिसळून बेरीज-वजाबाकीचे नवे स्वर तयार होतात. ११० आणि १६५, म्हणजे षड्ज-पंचम, एकदम वाजवले तर वजाबाकी ५५ आणि बेरीज २७५. पहिला खालचा षड्ज, दुसरा वरचा गंधार, दोन्ही सुरात. म्हणून रॉकवाले केवळ षड्ज-पंचमावर भागवतात. पण षड्जाबरोबर गिटारवरचा गंधार, सुमारे १३८.६, वाजवला तर वजाबाकी २८.६ आणि बेरीज २४८.६ येते. हे स्वर कुठेच बसत नाहीत. सहा तारांचा भरलेला स्वरसंघ छेडला की त्याचा चिखल होतो. भावगीताच्या साथीला मात्र नेमका तोच भरलेला स्वरसंघ हवा असतो.

उघडून पाहिल्यावर

जूनमध्ये तो मुलगा त्याचा ॲम्प्लिफायर घेऊन माझ्याकडे आला. वायर हलवली की खरखर होत होती. भाईंदरला खाडी, मिठागरे आणि उत्तनकडून येणारे समुद्राचे वारे; या खाऱ्या हवेत जॅक आणि बटणांचे आतले पत्रे लवकर गंजतात. ते साफ करायला मी पेटी उघडली, आणि जे आठ महिन्यांपूर्वी पाहायला हवे होते ते पाहिले.

आत एकच दहा इंची स्पीकर होता. उंच स्वरांसाठी लागणारा छोटा स्पीकर, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो नव्हताच. पेटीची मागची बाजू अर्धी उघडी. मी दुकानातले जुने सिग्नल जनरेटर काढले आणि खालपासून वरपर्यंत कंपने सोडत गेलो. पाच हजारांच्या आसपास आवाज कड्यावरून पडावा तसा पडला. माणसाचा तरुण कान वीस हजारांपर्यंत ऐकतो. इलेक्ट्रिक गिटारला मात्र हा कडा हवाच असतो, कारण माथा कापल्यावर निर्माण झालेली बोचरी खरखर तिथेच गाळली जाते. अकूस्टिक गिटारचे सौंदर्य त्या कड्यापलीकडेही असते. नख तारेवर घासल्याचा बारीक आवाज आणि तारेची चमक तिथे राहते. डब्यातल्या आवाजाचे एक कारण सापडले.

दुसरे कारण बटणांत होते. बेस, मिडल आणि ट्रेबल ही तिन्ही बटणे मध्यावर ठेवली की आवाज मूळचा राहतो, असे मी धरून चाललो होतो. मीटर लावून पाहिले तर काही शे कंपनांच्या पट्टीत चांगला खळगा होता. फेंडर-मार्शल वळणाच्या मंडलांत तो असतोच, कारण इलेक्ट्रिक गिटारचा रंग त्यातूनच घडतो. मग मी फोनवरचा एक अभंग त्या ॲम्प्लिफायरमधून वाजवून पाहिला. गायक गोधडीखालून गातो आहे असे वाटले.

तिसरा फरक उगमाशी आहे. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की वेढ्यांत वीज निर्माण होते. फॅरडेने १८३१ साली मांडलेले तत्त्व ते हेच. हा पिकअप मुख्यतः तारेचेच कंपन टिपतो. मुलीच्या गिटारीत घोडीखाली पिझोची पट्टी होती. काही स्फटिकांवर दाब पडला की वीज निर्माण होते, हे १८८० साली पिएर आणि झाक क्यूरी या भावांनी दाखवून दिले. पिझो तारेबरोबर लाकडाचे कंपनही टिपतो. पेटीवर टिचकी मारली तरी ऐकू येते. नुसता पिझो साध्या ॲम्प्लिफायरला जोडला तर त्याचा खर्ज गळून जातो. त्याला पुढे फार मोठा रोध लागतो, बऱ्याचदा दहा मेगओमपर्यंत, तर इलेक्ट्रिक गिटारला एक मेगओम पुरतो. मुलीच्या गिटारीत नऊ व्होल्टच्या सेलवर चालणारा छोटा प्रीॲम्प असल्यामुळे ही अडचण आम्हाला आली नव्हती. ज्यांच्या गिटारीत तो नाही, त्यांना ही पहिलीच अडचण येते.

हुंकाराचे कोडे

राहिला तो हुंकार. गिटारचा आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो, तोच पुन्हा गिटारच्या पातळ फळीवर आदळतो, फळी थरथरते, पिझो ती थरथर टिपतो, ॲम्प्लिफायर ती वाढवतो. एका फेरीत जितके हरवते त्याहून जास्त मिळू लागले की हे चक्र आपोआप फुगत जाते. गिटारच्या पेटीतल्या हवेचा स्वतःचा एक स्वर असतो, साधारण शंभर कंपनांच्या जवळपास. बहुधा चक्र आधी तिथे सुरू होते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर येतो तसा तो खर्ज. त्या दिवशी मी बेस वाढवला होता आणि ॲम्प्लिफायर मुलीच्या पाठीमागे, तिच्याकडे तोंड करून ठेवला होता. चक्राला लागेल ते सगळे मीच पुरवले होते.

भरीव गिटार या चक्रात सहज सापडत नाही, आणि सापडली तरी तिचा वादक ते वापरून घेतो. ‘बीटल्स’च्या १९६४च्या ‘आय फील फाइन’ची सुरुवात अशाच हुंकाराने होते. जॉन लेननने पिकअप बसवलेली पोकळ गिटार ॲम्प्लिफायरला टेकवून ठेवली होती. त्यांनी तो अपघात तबकडीवर ठेवला. आमच्या काकूंच्या भावगीतात त्याला जागा नव्हती.

अकूस्टिक गिटारसाठी बनवलेला ॲम्प्लिफायर हे सगळे लक्षात घेऊन बांधतात. त्यात साधारण साडेसहा किंवा आठ इंची स्पीकर आणि सोबत ट्वीटर असतो. माथा कापला जाऊ नये म्हणून ताकद राखून ठेवलेली असते. हुंकाराची नेमकी पट्टी तेवढीच कापणारा नॉच फिल्टर असतो, आणि लहर उलटी करणारे फेजचे बटण असते. ते दाबले की स्पीकरची हालचाल आणि फळीची थरथर यांचे जुळलेले पाऊल बहुतेक वेळा मोडते. शेजारीच गायकाच्या माइकसाठी वेगळी जागा असते. थोडक्यात, तो सभागृहातल्या ध्वनिव्यवस्थेचा धाकटा भाऊ आहे.

त्याला मागणी आली तीही गमतीने. १९८९ साली एमटीव्हीने ‘अनप्लग्ड’ हा कार्यक्रम सुरू केला आणि १९९२ साली एरिक क्लॅप्टनची त्यातली ध्वनिफीत जगभर खपली. नाव ‘वायर काढलेले’, पण मंचावरच्या पोकळ गिटारी हजारोंपर्यंत पोहोचायच्या तर वायर लागणारच. वायर आहे हे जाणवू न देणारी यंत्रे हवी होती. याच सुमारास ती बाजारात रुळली.

फरक घरी ऐकायचा असेल तर राहुलदेव बर्मन यांची दोन गाणी लागोपाठ लावा. ‘दम मारो दम’च्या सुरुवातीला भूपिंदर सिंग यांची इलेक्ट्रिक गिटार आहे, तिच्यातून यंत्राचा रंग वेगळा काढताच येणार नाही. ‘चुरा लिया’च्या सुरुवातीच्या गिटारमध्ये लाकूड ऐकू येते.

उलटा प्रयोग

खात्रीसाठी मी उलटेही करून पाहिले. ओळखीच्या एकाकडून अकूस्टिक ॲम्प्लिफायर आणला आणि शेजारच्या मुलाला त्याची इलेक्ट्रिक गिटार त्यावर वाजवायला सांगितली. साधे सूर कोरडे वाटले. त्याने खरखर आणणारा पेडल दाबला तेव्हा ट्वीटरमधून डासांचा थवा बाहेर पडला. तो म्हणाला, ‘‘काका, हा माझा आवाजच नाही.’’ त्याचे बरोबर होते. त्याचा अर्धा आवाज दुसऱ्या पेटीत होता.

मग मी मुलीला बोलावले. तिची गिटार आधी तिला परिचित असलेल्या त्या पेटीवर, मग या पेटीवर जोडली. तोच स्वरसंघ, तोच हात. ती दोन्ही वेळा ऐकत राहिली. मी तिला म्हणालो, ‘‘त्या दिवशी तुझा हात जड पडला नव्हता. मी चुकीची पेटी आणली होती, आणि तुला तसं सांगितलंही नाही.’’ ती काही बोलली नाही. पण त्या संध्याकाळी ती बराच वेळ वाजवत बसली.

ज्यांना दुसरे यंत्र घेणे परवडत नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. प्रीॲम्प असलेली अकूस्टिक गिटार हॉलमधल्या नेहमीच्या मिक्सरला जोडावी. इलेक्ट्रिकच्या ॲम्प्लिफायरपेक्षा ते केव्हाही बरे. शंभर कंपनांच्या आसपासचा खर्ज थोडा कमी करावा. पेटीच्या तोंडावर बसणारे रबरी झाकण मिळते, ते लावावे. स्पीकर वादकाच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावा. आणि वॅटच्या आकड्याला भुलू नये. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दसपट ताकद लागते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि ध्वनिक्षेपक सकाळी सहाच्या आधी लावता येत नाही. आमची पहाट म्हणूनच साडेसहाला सुरू होते.

पुढच्या दिवाळीला मुलगी पुन्हा बसली. काकूंनी तेच भावगीत घेतले, जे मागच्या वेळी अर्धे राहिले होते. कडवे संपता संपता त्यांनी तिच्याकडे पाहून मान डोलावली. मी भिंतीपाशी बटणावर हात ठेवून उभा होतो, पण काही फिरवावे लागले नाही. नंतर चहाच्या वेळी लोक गाण्याबद्दल बोलले, तिच्या वाजवण्याबद्दल बोलले. ॲम्प्लिफायरबद्दल कोणी काही बोलले नाही.